बीसीबीआर कोर्स: सिनॉप्सिसपर्यंत उत्तम, पेशंट समोर आला की अपुरा

एमडी-एमएसला प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षात उरकायच्या गोष्टींत ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’, म्हणजे बीसीबीआर, असतोच. चेन्नईची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, अर्थात एनआयई, तो ऑनलाइन चालवते. २०१९ पासून पीजी विद्यार्थ्यांना तो सक्तीचा आहे आणि मेडिकल कॉलेजातल्या शिक्षकांचं प्रमोशनही त्याच्या सर्टिफिकेटवाचून अडतं. सक्तीचा म्हटला की कोर्सकडे बघायची नजरच बदलते. रेसिडेंट्सच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ‘असाइनमेंटची उत्तरं कोणाकडे आहेत?’ हा, आणि बहुधा शेवटचाही तोच. कोर्स टाकाऊ असता तर याचं वाईट वाटलं नसतं.

मत आधीच सांगून टाकतो. थीसिसचा प्रश्न ठरवण्यापासून सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, विद्यापीठाकडे जाईपर्यंत जे लागतं, त्यातलं बरंचसं इथे मिळतं आणि शिकायला पैसे पडत नाहीत, फी परीक्षेची. पेशंटची सही घेऊन त्याला ट्रायलमध्ये, म्हणजे उपचाराच्या चाचणीत, घेतल्यानंतर जे लागतं, ते मात्र इथे जेमतेम आहे. परदेशी विद्यापीठांचं क्लिनिकल रिसर्चचं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट साधारण १२ ते १५ क्रेडिटचं असतं. त्यात बायोस्टॅटिस्टिक्स, एपिडेमिऑलॉजी, ट्रायल डिझाइन, एथिक्स-नियमन आणि शेवटी स्वतःचा प्रोटोकॉल (अभ्यासाची सविस्तर योजना) लिहून तपासून घेणं, एवढं येतं. बीसीबीआरमध्ये यातलं प्रोटोकॉल तपासून घेणं सोडून बाकी सगळ्याची तोंडओळख आहे. तोंडओळखच आहे, हे विसरलं की गडबड होते.

कोर्समध्ये २३ लेक्चर आहेत, बहुतेक अर्ध्या तासाच्या आतबाहेर, आणि प्रत्येकाला जोडून बहुपर्यायी प्रश्नांची असाइनमेंट. स्लाइड्स साध्या, शिकवणं संथ आणि स्पष्ट. दीडपट वेगाने ऐकलं तरी काही निसटत नाही. क्रम पुस्तकी आहे: संशोधन म्हणजे काय, रिसर्च क्वेश्चन, साहित्याचा आढावा, रोगाचं प्रमाण मोजणं, अभ्यासाचे प्रकार, सॅम्पलिंग, सॅम्पल साइझ, डेटा, एथिक्स, आणि कन्सेप्ट पेपर व प्रोटोकॉल पार शेवटाकडे. रेसिडेंटच्या सोयीचा क्रम नेमका उलटा. सिनॉप्सिसची तारीख डोक्यावर असेल तर प्रोटोकॉलच्या घटकांवरचं लेक्चर आधी बघा, त्यातले रकाने कागदावर काढा आणि मग प्रत्येक रकान्यासाठी मागचं लेक्चर उघडा. मेथड्सचा रकाना भरताना अभ्यासाच्या प्रकारांचं लेक्चर बघितलं की ते डोक्यात राहतं; नुसतं ओळीने बघितलं तर परीक्षेनंतर आठवडाभरात विरतं.

अभ्यासाचे प्रकार इथे खरोखर चांगले शिकवले आहेत. सिनॉप्सिसमध्ये सर्रास दिसणारा ‘प्रॉस्पेक्टिव्ह ऑब्झर्वेशनल स्टडी’ हा शब्दप्रयोग काहीच सांगत नाही. एकदाच मोजमाप असेल तर तो क्रॉस-सेक्शनल, एक्स्पोजरवरून (धोक्याचा घटक होता की नाही यावरून) गट पाडून पुढे जाणार असाल तर कोहॉर्ट, आजार झालेले आणि न झालेले निवडून मागे जाणार असाल तर केस-कंट्रोल. जुन्या केस पेपरांवरून केलेला प्रत्येक अभ्यास केस-कंट्रोल नसतो, तो रेट्रोस्पेक्टिव्ह कोहॉर्टही असू शकतो. गट कशावरून पाडले एवढंच विचारायचं. गोंधळ इथे झाला तर पुढे माप चुकतं. समजा एका गटात ६० टक्क्यांना आणि दुसऱ्यात ४० टक्क्यांना गुंतागुंत झाली. रिलेटिव्ह रिस्क (दोन टक्केवारींचं गुणोत्तर) १.५ येतो, पण त्याच आकड्यांचा ऑड्स रेशो (प्रत्येक गटात झालेले भागिले न झालेले, आणि त्या दोहोंचं गुणोत्तर) २.२५ येतो. गुंतागुंत इतकी सर्रास असताना ऑड्स रेशो काढून ‘सव्वादोन पट धोका’ असं निष्कर्षात लिहिणं चूक आहे, आणि व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

सॅम्पल साइझचं लेक्चर या कोर्सचा कस लावणारं आहे. सूत्रं, पॉवर (असलेला फरक सापडण्याची शक्यता), प्रिसिजन (अंदाजात चालणारी चूक) सगळं सांगितलं आहे, पण कागद-पेन्सिल घेऊन सोडवायला लावणारी उदाहरणं कमी. त्यामुळे एक प्रमाण काढायच्या अभ्यासात हमखास घोटाळा होतो. मागच्या अभ्यासात प्रमाण ३० टक्के आलं आहे असं धरा. ९५ टक्के खात्रीसाठी ठरलेला आकडा १.९६; त्याचा वर्ग ३.८४, त्याला ०.३ आणि ०.७ ने गुणलं की ०.८०७. प्रिसिजन ५ टक्के अ‍ॅब्सोल्यूट घेतली तर ०.०५ च्या वर्गाने, म्हणजे ०.००२५ ने भागायचं: ३२३ पेशंट. तीच प्रिसिजन ‘२० टक्के रिलेटिव्ह’ घेतली तर ती ३० च्या २० टक्के, म्हणजे ६ टक्के होते आणि उत्तर २२५ वर येतं. दोन्ही बरोबर आहेत, पण सिनॉप्सिसमध्ये नुसतं ‘प्रिसिजन २० टक्के’ लिहून सोडलं तर एथिक्स कमिटीतला स्टॅटिस्टिशियन ते परत पाठवणार. पाठवायलाच हवं. मग गळतीचा हिशेब. १० टक्के पेशंट फॉलो-अपला येणार नाहीत असं धरलं तर ३२३ मध्ये १० टक्के मिळवायचे नसतात, ०.९ ने भागायचं असतं: ३५९, ३५६ नव्हे. फरक तिघांचाच दिसतो, पण गळती ३० टक्के धरली की ४२० आणि ४६२ एवढी दरी पडते.

दोन गटांच्या तुलनेत गंमत वेगळी. नियंत्रण गटात ४० टक्के, नव्या उपचाराने २५ टक्के अपेक्षित, पॉवर ८० टक्के (आकडा ०.८४), अल्फा, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता, ५ टक्के (आकडा १.९६). हाताने, साध्या सूत्राने: १.९६ अधिक ०.८४ यांचा वर्ग ७.८४, गुणिले ०.२४ आणि ०.१८७५ यांची बेरीज, भागिले ०.१५ चा वर्ग. प्रत्येक गटात १४९. हेच ओपनएपी या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं की केल्सी, फ्लाइस आणि करेक्शनसह फ्लाइस अशा वेगवेगळ्या पद्धतींची उत्तरं शेजारीशेजारी येतात आणि करेक्शनचं उत्तर बरंच मोठं असतं. कोणतं घेतलं ते लिहा. आणि २५ टक्के हा आकडा आला कुठून, तेही लिहा. गाइडच्या ‘वर्षभरात ६० केसेस मिळतील’ या अंदाजावरून उलटा हिशेब करून प्रमाण बसवण्याची पद्धत सगळीकडे आहे. कोर्स त्याबद्दल मौन बाळगतो, पण व्हॅलिडिटीचं (निष्कर्ष किती ग्राह्य याचं) लेक्चर नीट ऐकलं तर आपलं आपल्याला कळतं. वर्षात ६० च केसेस मिळणार असतील तर तसं उघड लिहून तेवढ्यात किती फरक पकडता येईल ते द्यावं. कमिटी हे मान्य करते.

ट्रायल डिझाइनमध्ये रँडमायझेशनची (पेशंटचा गट चिठ्ठीवर सोडण्याची) व्याख्या, ब्लॉक (ठरावीक संख्येच्या तुकड्या), स्ट्रॅटिफिकेशन (वय वगैरेंनुसार आधी थर पाडणं), ब्लाइंडिंग (कोणाला कोणता उपचार हे लपवणं) हे सगळं येतं. पण ओपीडीच्या टेबलावर ते करायचं कसं, यात कोर्स कच्चा आहे. सम-विषम ओपीडी नंबरावरून किंवा ‘सोमवारी अमुक औषध, मंगळवारी तमुक’ असं वाटप म्हणजे रँडमायझेशन नव्हे, कारण पुढचा पेशंट कुठल्या गटात जाणार हे आधीच माहीत असतं, आणि माहीत असलं की जरा बऱ्या पेशंटला नव्या औषधाच्या दिवशी बोलावलं जातं. संगणकावरून यादी काढा, पण ती रेसिडेंटच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या कोणाकडून अपारदर्शक, क्रमांक घातलेली, सीलबंद पाकिटं भरून घ्या. साधी पांढरी पाकिटं ट्यूबलाइटसमोर धरली की आतलं वाचता येतं, म्हणून आत अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा घालायचा. चिठ्ठीवर कार्बन पेपर ठेवायचा, आणि पाकीट फोडण्याआधी त्यावर पेशंटचं नाव, तारीख, वेळ लिहायची; ते आतल्या चिठ्ठीवर उमटतं आणि नंतर पाकिटांची अदलाबदल करता येत नाही. उपचार उघड दिसणारे असतील, म्हणजे शस्त्रक्रिया विरुद्ध गोळ्या, तर सगळे ब्लॉक चार-चारचे ठेवू नका. तीन झाले की चौथा ओळखू येतो. चार आणि सहाचे ब्लॉक मिसळायचे, आणि ब्लॉकचा आकार पाकिटं उघडणाऱ्याला सांगायचा नाही.

डेटा मॅनेजमेंटवर फार लिहीत नाही, तेवढं लेक्चर पुरेसं आहे. फक्त एक: एक्सेलमध्ये तारखेचा कॉलम अमेरिकन पद्धतीवर राहिला की ५ मार्चचा ३ मे होतो आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी मजकूर म्हणून बसतात. हॉस्पिटलात राहिल्याचे दिवस उणे आले तर आधी हेच तपासा.

खरी उणीव एथिक्स आणि ट्रायल चालवण्याच्या लेक्चरांत जाणवते. तत्त्वं आहेत, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांचा गाभा आहे, पण कन्सेंट (संमती) फॉर्म उघडून ओळीओळीने दाखवलेला नाही. आपल्याकडच्या नव्या औषधांच्या ट्रायलचा फॉर्म २०१९ च्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’ प्रमाणे असतो आणि त्यात परदेशी नमुन्यांत नसलेल्या जागा आहेत: सहभागी व्यक्तीचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, आणि नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कोणाला, यासाठी नॉमिनी. परदेशी कोर्सवरून उचललेल्या फॉर्ममध्ये या जागाच नसतात.

निरक्षर पेशंटचा कन्सेंट तर स्वतंत्र शिकवायला हवा होता. अंगठा घेतला की झालं, असा समज आहे. नियमाप्रमाणे समजावून सांगण्याच्या पूर्ण वेळ तटस्थ साक्षीदार हजर लागतो आणि त्याचीही सही लागते. तटस्थ म्हणजे ट्रायलशी संबंध नसलेला. त्याच युनिटचा ज्युनियर किंवा स्टडी नर्स चालत नाही. शेजारच्या कॉटवरच्या पेशंटचा लिहिता-वाचता येणारा नातेवाईक चालतो. अंगठ्यासमोर तारीख साक्षीदाराने किंवा समजावणाऱ्याने टाकली असेल तर ती कोणी टाकली हे लिहून ठेवावं. फॉर्मची एक प्रत पेशंटच्या हातात जायला हवी आणि ती दिल्याची नोंद केस पेपरात हवी. तपासणीत सगळ्यात जास्त हीच ओळ गायब असते. मुलांच्या अभ्यासात ७ वर्षांपासून पुढे मुलाची संमतीही हवी: १२ पर्यंत तोंडी, १२ ते १८ लेखी, आणि पालकांची सही तर हवीच. नव्या रासायनिक रेणूच्या ट्रायलमध्ये दुर्बल गटातला सहभागी असेल तर कन्सेंटचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त ऑडिओ चालतं. मराठी फॉर्म इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेला असला की पेशंट मान डोलावतो आणि त्याला काहीच कळलेलं नसतं. फॉर्म आधी वॉर्डबॉयला वाचून दाखवा. तो अडखळला तिथे वाक्य बदला, आणि बदललेली आवृत्ती पुन्हा कमिटीकडे पाठवा.

गंभीर प्रतिकूल घटनांबाबतही तेच. ट्रायलमधल्या पेशंटचं डोकं भयंकर दुखलं आणि गोळीने थांबलं, तर ती नोंदवायची पण २४ तासांच्या घाईची घटना नाही. साधा ताप आला आणि निरीक्षणासाठी एक रात्र भरती केलं, तर ती आहे, कारण निकष भरतीचा. मोटरसायकलवरून पडून फ्रॅक्चर झालं आणि भरती झाला, तरीही आहे; औषधाशी संबंध नाही हे ठरवणं नंतरचं काम. नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने घटनेपासून २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरण, प्रायोजक आणि एथिक्स कमिटी या तिघांना कळवायचं, उशीर झाला तर कारण द्यायचं, आणि विश्लेषणासह सविस्तर अहवाल १४ दिवसांत. रविवार मधे आला ही सबब चालत नाही. थीसिस अभ्यासात प्राधिकरणाचा संबंध येईलच असं नाही. बाजारात मंजूर असलेलं औषध नव्या उपयोगासाठी, केवळ शैक्षणिक हेतूने वापरलं आणि कमिटीची मान्यता असली तर केंद्रीय परवानगी लागत नाही. पण कमिटीला कळवायचं बंधन सुटत नाही.

सीटीआरआयची, म्हणजे ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीतली, नोंदणी हा आणखी एक खड्डा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी घेतात. पहिला पेशंट घेतल्यावर अर्ज केला तर दार बंद, आणि मग बरीच जर्नल्स पेपर घेत नाहीत. अर्जाला कमिटीचं मान्यतापत्र जोडावं लागतं, त्यामुळे क्रम ठरलेला: कमिटी, मग सीटीआरआय, नंबर हातात आला की पहिला पेशंट. अर्ज भरला त्याच दिवशी नंबर मिळत नाही. अर्ज शंका काढून परत येतो. प्रायमरी आउटकममध्ये (मुख्य मोजमापात) ‘वेदना कमी होणे’ लिहिलं तर हमखास येतो. कोणती स्केल, किती वेळाने, हे लिहायचं: ‘शस्त्रक्रियेनंतर २४ तासांनी व्हॅस (वेदना मोजायची पट्टी) स्कोअर’.

ही पोकळी भरायला अमेरिकेच्या नायडा (व्यसनविषयक संशोधन) संस्थेच्या क्लिनिकल ट्रायल्स नेटवर्कचा जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस) कोर्स आहे: मोफत, १२ मॉड्यूल, साधारण ६ तासांचा, सर्टिफिकेट ३ वर्षांसाठी. कागदपत्रं, सोर्स डॉक्युमेंट (मूळ नोंद), भूमिका आणि जबाबदाऱ्या, रिसर्चमधली लबाडी हे विषय बीसीबीआरपेक्षा कितीतरी बारकाईने आहेत. रक्तदाब चिठ्ठीवर लिहून संध्याकाळी फॉर्मवर उतरवला तर मूळ नोंद चिठ्ठीच, आणि ती फेकायची नाही. चूक दुरुस्त करताना एक आडवी रेघ, आद्याक्षरं, तारीख. व्हाइटनर कधीच नाही. हे सगळं तिथे अंगवळणी पडतं. पण कोर्स अमेरिकन कायद्यावर उभा आहे. तिथे प्रायोजक औषधामुळे झाल्याचा संशय असलेल्या गंभीर आणि अनपेक्षित घटना ७ किंवा १५ दिवसांत कळवतो. ते आकडे पाठ करून इथल्या साइटवर आलात तर आपले २४ तास केव्हाच उलटून गेलेले असतील. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये आयसीएच-जीसीपीची, म्हणजे ट्रायलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांची, ई६-आर३ ही नवी आवृत्ती मंजूर झाली आहे. मुलाखतीला जाणाऱ्याने ती मूळातून वाचावी. तत्त्वांचा भाग आणि पहिलं परिशिष्ट एवढं पुरतं.

परीक्षेबद्दल थोडं. सर्टिफिकेटसाठी असाइनमेंट आणि केंद्रावरची संगणकीय परीक्षा, दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के लागतात. एकातले गुण दुसऱ्याच्या कामी येत नाहीत. असाइनमेंटची मुदत संपली की संपली, म्हणून इमर्जन्सी ड्युटीचं पोस्टिंग येण्याआधी त्या भरून टाका. नोंदणीत नाव मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीप्रमाणे अक्षरशः तेच घाला. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, लग्नानंतरचं आडनाव, ‘डॉ.’ लावणं-न लावणं, यावरून सर्टिफिकेट अडल्यावर प्रमोशनची फाइल महिनोन्‌महिने टेबलावर पडते. पेपर सोपा म्हणावा असाच. चुकतं ते इन्सिडन्स (नवे रुग्ण) आणि प्रिव्हॅलन्सच्या (एकूण रुग्ण) छोट्या गणितांत आणि बायसच्या (अभ्यासाला एका बाजूला झुकवणाऱ्या चुकांच्या) नावांत.

बीएएमएस, बीएचएमएस, बीफार्म किंवा लाइफ सायन्सेस करून क्लिनिकल रिसर्चमध्ये नोकरी शोधणाऱ्यांसाठी हा कोर्स मुळात बनवलेलाच नाही. त्यांनी एनआयईचाच ‘हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स’ एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर बघावा, विषय बराचसा तोच आहे. पुण्या-मुंबईत ‘पीजी डिप्लोमा इन क्लिनिकल रिसर्च’ची पाटी लावलेल्या खासगी संस्थांकडे जायचं असेल तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी मागून बघा. पहिली, डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा. ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे उत्तर नव्हे. दुसरी, इंटर्नशिप कोणत्या हॉस्पिटलच्या साइटवर आणि तिथल्या इन्व्हेस्टिगेटरचं पत्र आहे का. संस्थेच्याच वर्गात बसून ‘मॉक साइट’ केली तर तिला कोऑर्डिनेटरच्या मुलाखतीत कोणी विचारत नाही. तिसरी, अभ्यासक्रमात २०१९ चे नियम आहेत की अजून त्याआधीची जुनी नियमावली, शेड्यूल वाय, शिकवतात. तिसऱ्याचं उत्तर माहितीपत्रकात नसेल तर शिकवणाऱ्याला भरपाईचा प्रश्न विचारा: ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार किती दिवस मोफत? गरज असेपर्यंत, किंवा इजा ट्रायलमुळे झाली नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर. हे न अडखळता सांगणारा शिक्षक असेल तर बाकीचा अभ्यासक्रम बघायला हरकत नाही.